पालकांनी समक्ष भेटावे

रविवारी दुपारी जेवणाची ताटे उचलली गेली आणि त्याच टेबलावर गुण्या सरांनी शाळा मांडली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. डाव्या हाताला वही घेतली, उजव्या हाताला लाल पेन. लाल पेनाचे आता काही काम उरले नव्हते, पण ते हाताशी नसले की तपासायला बसल्यासारखे वाटत नसे.

सरांचे खरे नाव शाळेच्या दप्तरात होते आणि तिथेच राहिले होते. एकतीस वर्षे भूमिती शिकवताना फळ्यावरचा लाकडी गुण्या त्यांच्या काखेत असायचा. त्यामुळे आधी मुलांनी, मग मुलांच्या पालकांनी आणि शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानेही त्यांना गुण्या सर करून टाकले होते. सरांची तक्रार नव्हती. गुण्या काटकोनात उभा राहतो, कुणासाठी वाकत नाही. नावे ठेवायचीच असतील तर याहून वाईट ठेवता आली असती.

"अहो, अजून किती?" आतून बायकोने विचारले.

"सव्वीस झाल्या. सतरा राहिल्या."

"वह्या असत्या तर एव्हाना तपासून झोपला असता."

हे खरे होते, पण सरांचा नाइलाज होता. शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाईंनी, त्यांना खोलीत बोलावून घेतले होते. बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त उभ्या उभ्या बोलायची सवय होती. "सर, गृहपाठ आता ॲपवर. मुलं फोटो पाठवणार, तुम्ही तिथंच तपासायचं, तिथंच शेरा द्यायचा. सोमवारी दुपारी मी स्वतः बघणार. जमत नसेल तर मोकळेपणी सांगा. दहावी नव्या सरांकडे देऊ, तुम्ही साहित्याची खोली सांभाळा."

साहित्याच्या खोलीत एक फुटका पृथ्वीगोल, एक लंगडी तिपाई आणि दोन रजिस्टरे होती. आजवर तीन शिक्षक त्या खोलीत गेले होते आणि तिघेही तिथूनच निवृत्त झाले होते. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. यंदाची दहावी त्यांनी आठवीपासून हाताला धरून वर आणली होती. हा वर्ग पार पडेपर्यंत फळ्यापुढून हलायचे नाही, एवढीच त्यांची आता इच्छा होती. म्हणून ते तांब्यासमोर बसले होते.

त्रेचाळीस फोटो होते. काही उलटे, काही अंधारातले. एका फोटोत अर्धी वही आणि अख्खे मांजर आले होते. सर मान वाकडी करून, कधी फोन वाकडा करून तपासत होते. ॲपमध्ये नेहमीचे शेरे साठवून ठेवायची सोय होती. ती मात्र त्यांना मनापासून आवडली. त्यांनी पहिल्याच दिवशी 'पाहिले' हा शेरा साठवून ठेवला होता. शाळेतल्या टेबलावर 'पाहिले' अक्षरांचा रबरी शिक्का उजव्या हाताला असायचा. एकतीस वर्षांत त्याने जागा सोडली नव्हती. सर बोलत असले, खिडकीबाहेर बघत असले, तरी हात बरोबर त्याच्यावर जायचा.

शेवटचा फोटो शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आला. वही शेजारच्याची होती. कोपऱ्यातले शेजारच्याचे नाव त्याने अंगठ्याने झाकले होते, पण अंगठा कमी पडला होता. सरांनी चष्मा वर केला आणि एकेक अक्षर शोधून लिहिले : 'आपल्या पाल्याबाबत बोलायचे आहे. उद्या सकाळी अकरा वाजता पालकांनी शाळेत समक्ष भेटावे.' हे लिहायला त्यांना नऊ मिनिटे लागली. एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्यांनी हाही शेरा साठवून ठेवला.

आता फक्त सगळ्या वह्यांवर 'पाहिले' मारायचे होते.

"त्रेचाळीस वेळा?" बायको हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली. "हे काय लिहिलंय इथं? 'सर्वांना लागू करा.' एकदाच दाबा की."

"अगं, खरंच. तुझ्या लक्षात आलं?"

"मला वाचता येतं. तुम्ही नुसतं तपासता."

सरांनी 'सर्वांना लागू करा' दाबले. शेऱ्यांची यादी उघडली. "चहा टाकतेस का?" असे बायकोकडे बघून विचारत त्यांनी सवयीने पहिल्या जागेवर बोट ठेवले.

शिक्का आपली जागा सोडत नाही. ॲपमध्ये मात्र जो शेरा शेवटी आला तो सगळ्यात वर जाऊन बसतो. हे सरांना कुणी सांगितले नव्हते.

'शेरा पाठवला,' एवढेच फोनने सांगितले. सरांनी समाधानाने फोन बंद केला आणि बॅटरी भरायला लावून दिला. एवढे कष्ट केलेल्या यंत्रालाही विसावा हवा, असे त्यांचे मत होते.

सोमवारी सकाळी दहावीची मुले व्हरांड्यात त्यांना बघून भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणी हसले नाही, कुणी पळाले नाही. सरांना वाटले, परीक्षा जवळ आली, शहाणपण आले.

अकराला पाच मिनिटे कमी असताना शिपाईमामा आठवीच्या वर्गाच्या दारात आले.

"सर, तुमच्याकडं पालक आलेत."

"बसवा त्यांना. तास संपला की येतो."

"बसवलं असतं. खुर्च्या संपल्या."

"एका माणसाला किती खुर्च्या लागतात मामा?"

"एक कुठला. जिन्यापर्यंत रांग आहे. मी मोजायला गेलो तर दोघांनी मलाच सर समजून पोरांचं सांगायला सुरुवात केली."

सरांनी व्हरांड्यात डोकावून पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. भिंतीला लागून माणसेच माणसे होती. कुणी कामावरून तसेच आले होते, कुणी ठेवणीतले कपडे घालून. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मात्र एकच भाव होता, तो सरांनी एकतीस वर्षे मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. त्यांनी फोन उघडला. प्रत्येक वहीखाली तीच ओळ होती. मांजराच्या फोटोखालीही.

शिपाईमामांनी खांद्यावरून वाचले. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"लिहिलं एकाला. गेलं सगळ्यांना."

"मग चूक झाली म्हणून सांगून टाका."

"इथं सांगितलं की त्या टोकाला बाईंच्या खोलीत ऐकू जाणार. मग दुपारपर्यंत दहावी गेली."

मामांनी थोडा विचार केला. "साहित्याच्या खोलीचं छत गळतं बरं का सर," ते म्हणाले.

धरले तर चावते, सोडले तर पळते. शेवटी सरांनी ठरवले : एकेकाला रिकाम्या वर्गात घ्यायचे, दार लोटायचे आणि हळू आवाजात माफी मागायची. खोटे बोलायचे नाही, पण बोंबही मारायची नाही.

पहिला आला तो शिंपी. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. तो सरांचाच जुना विद्यार्थी. बस म्हटले तरी हात मागे बांधून उभा राहिला.

"हे बघ, त्याचं असं झालं," सरांनी सुरुवात केली.

"सर, तुम्ही बोलायच्या आधी मीच सांगतो. ते पत्र मी लिहिलं होतं."

"कुठलं पत्र?"

"ताप आल्याचं. ताप नव्हता तिला. दुकानात गर्दी होती, म्हणून चार दिवस बटणं लावायला ठेवून घेतली."

सर चूक विसरले. "तरीच. तरीच तिला स्पर्शिका येत नाही."

"सर, मलाही येत नव्हती."

"तुझं सोड. तिला येईल. पुन्हा ठेवून घेतलीस तर मी दुकानात येऊन बसेन."

"नाही ठेवणार," शिंपी म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला. माफी मागायची राहूनच गेली.

दुसरी एक परिचारिका होती. ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "अक्षरावरून ओळखलंत ना? वाटलंच मला. शेवटची दोन गणितं मीच सोडवली. ती रडायला लागली, मला बघवेना."

सरांनी फोनवर ती वही शोधली. दोन्ही गणितांवर त्यांचीच बरोबरची खूण होती. "बरोबर आहेत," ते नकळत म्हणाले.

"दोन्ही?" बाईचा चेहरा उजळला. "वीस वर्षांनी हात लावला हो भूमितीला."

"दुसऱ्यात एक पायरी गाळलीत."

"कुठली?"

मग सरांनी फळ्यावर ती पायरी लिहून दाखवली. बाईने ती हातावर पेनने उतरवून घेतली आणि खुशीत निघून गेली.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसे चालले होते. आपल्याला का बोलावले, असे विचारायला कुणी आलेच नव्हते. प्रत्येकाला ते घरूनच माहीत होते. एकाने मुलाला फोनवर खेळायला आपणच शिकवल्याचे सांगितले. एका जोडप्याने आपण घरात फार भांडतो हे कबूल केले आणि ते नेमके कोणामुळे, यावरून तिथेच भांडले. दहाव्या पालकापासून सरांनी माफीचा नाद सोडला. ते फक्त "हं" म्हणत. त्या एका "हं"वर माणसे मन मोकळे करत, सुधारण्याचे वचन देत आणि हलकी होऊन जात.

मग वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचे वडील आत आले. ते बसचालक होते. गणवेशाला कडक इस्त्री होती. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"सर, मी खूप आठवून बघितलं. तिचं काय चुकलं, मला सापडलं नाही. तुम्हीच सांगा."

सरांना "हं" म्हणवेना.

"पण खरं सांगू का," बसचालक म्हणाले, "निरोप आला तेव्हा भीती वाटली, आणि बरंही वाटलं. दरवर्षी पहिली येते ती. त्यामुळं मला कधी कुणी बोलावलंच नाही. रोज या शाळेवरून गाडी नेतो, आतून आज पाहिली."

गुण्या सरांनी फोन बाजूला ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी किती पालक बोलावले असतील? आणि सगळे तक्रारीसाठी. जी मुले नीट वागली, त्यांच्या घरच्यांना सरांनी कधी तोंडही दाखवले नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ही मुलगी वर्तुळ काढताना श्वास कसा रोखून धरते, उत्तर आल्यावरही दुसरी रीत आहे का म्हणून कशी मागे लागते, शेजारणीला समजावताना कशी तिच्याच शब्दांत बोलते, हे सगळे ते दहा मिनिटे सांगत राहिले. बसचालक ऐकत होते आणि टोपी गोल गोल फिरवत होते.

"आणि तक्रार?"

"तक्रार नाही."

"मग बोलावलं कशाला?"

"हे सांगायलाच," सर म्हणाले. आणि ते खोटे आहे, हे त्यांना स्वतःलाही आठवले नाही.

बसचालकांना दारापर्यंत पोहोचवायला सर बाहेर आले, तो समोर मोठ्या बाई. रांग अजून पाचसहा जणांची होती.

"सर, हे काय चाललंय?"

"पालक भेटायला आलेत."

"दहावीचे? सगळे?"

सगळे नव्हते. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे कुणीच आले नव्हते. त्यांच्या घरी असे निरोप नेहमीचेच होते. सवडीने जाऊ, असे त्यांनी ठरवले असावे. "एक सोडून," सर म्हणाले.

"मागच्या पालकसभेला नऊ जण आले होते," बाई म्हणाल्या. "त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता. तुम्ही कसं बोलावलंत यांना?"

"ॲपवरून."

"बघा. जमतं की तुम्हाला." बाई पहिल्यांदाच हसल्या. आणि हसता हसता त्यांची नजर खिडकीखालच्या बाकावर गेली. तिथे एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ दोन गुडघ्यांमध्ये काठी धरून ताठ बसले होते.

"बाबा? तुम्ही इथं?"

"हळू बोल. रांगेत आहे मी."

"पण कशाला?"

म्हाताऱ्यांनी खिशातून फोन काढून लेकीच्या हातात दिला. "तुझ्याबद्दल बोलायचंय म्हणे शाळेला. शेजाऱ्यांकडून दोनदा वाचून घेतलं. दोन गाड्या बदलून आलोय."

बाईंनी वाचले. आपल्या पाल्याबाबत बोलायचे आहे. वर्गावर देखरेख ठेवायची म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी ॲपवर दहावीत आपले नाव घातले होते. तेव्हा ॲपने पालकाचा नंबर मागितला. आता हे कशाला, असे त्यांना वाटले होते, पण नंबर दिल्याशिवाय ते पुढे जाईना. स्वतःचा सोडून त्यांना एकच नंबर तोंडपाठ होता, वडिलांचा.

रांगेतल्या एका आईने सहानुभूतीने त्यांच्या दंडाला हात लावला. "बाई, तुम्हालाही? काळजी करू नका. सर ओरडत नाहीत. नुसतं हं म्हणतात."

बाईंनी सरांकडे पाहिले. "हा निरोप सगळ्यांना गेलाय."

"गेलाय."

"मुद्दाम पाठवलात?"

हो म्हणायला एक अक्षर पुरले असते. बाईंना ते ऐकायचेही होते. पण काखेत एकतीस वर्षे काटकोन वागवलेल्या माणसाला ऐन वेळी वाकता येईना. "नाही," सर म्हणाले. "एकाला पाठवायचा होता. बोट चुकलं."

बाईंचा चेहरा पुन्हा शाळेसारखा झाला. "ठीक आहे. दुपारी बोलू आपण. बाबा, चला. चुकून आलाय तो निरोप."

"चुकून कसा? अकरा वाजता असं स्पष्ट लिहिलंय," म्हातारे काठी टेकत उठले. "दुपारी तुम्ही काय ते बोला. माझा नंबर आधी आहे. तू बाहेर थांब."

पुढच्या पालकांनी म्हाताऱ्या माणसाला वाट करून दिली. दार लोटले गेले. मोठ्या बाई बाहेर भिंतीपाशी उभ्या राहिल्या. शिपाईमामांनी इकडे तिकडे खुर्ची शोधली, पण खुर्च्या खरोखरच संपल्या होत्या.

आत म्हाताऱ्यांनी बसून घेतले. "तिच्या लहानपणी एकदा बोलावलं होतं मला शाळेत. कामावर रजा मिळाली नाही, गेलो नाही. ती दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. म्हणून या वेळी सकाळीच निघालो. काय केलंय तिनं?"

सरांना भरून आले. त्यांनी सगळे पहिल्यापासून सांगितले : शिक्का, यादी, बोट, साहित्याची खोली. दिवसभरात पहिल्यांदा कुणी त्यांची चूक शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"म्हणजे तिची काही तक्रार नाही?" म्हाताऱ्यांनी विचारले.

"नाही हो."

"काहीच नाही?" ते हिरमुसले. "एवढ्या लांबून आलो."

सरांना त्यांना रिकाम्या हाताने पाठवणे बरे वाटेना. "तशी हुशार आहेत," ते चाचरत म्हणाले. "मन लावून करतात सगळं. फक्त जरा घाई करतात. समोरच्याला शिकायला वेळ देत नाहीत."

म्हाताऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली. "बरोबर बोललात. मला हा फोन घेऊन दिला, दोन मिनिटांत सगळं सांगितलं आणि गेली शाळेत. मी अजून नुसता उचलायला शिकलोय." ते समाधानाने उठले. दार उघडून सगळ्यांसमोर लेकीला म्हणाले, "हुशार आहेस म्हणतात. पण घाई करतेस, शिकणाऱ्याला वेळ देत नाहीस. मलाही तेच म्हणायचं होतं."

रांगेतल्या सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिले.

"हो बाबा," मोठ्या बाई म्हणाल्या.

तीन वाजता सर रिकाम्या दहावीच्या वर्गात बसून होते. फळ्यावर परिचारिकेसाठी लिहिलेली पायरी तशीच होती. पुसावीशी वाटत नव्हती. उद्यापासून इथे दुसऱ्या कुणाचे अक्षर असेल, असे त्यांनी धरून टाकले होते. तेवढ्यात बाई आल्या. आल्या त्या उभ्या राहिल्या नाहीत, पहिल्या बाकावर बसल्या.

"बाबांना गाडीत बसवून आले," त्या म्हणाल्या. "जाताना म्हणाले, पुढच्या वेळी बोलावलं तर पुन्हा येईन."

सरांनी फळ्याकडे पाहिले.

"दहावी तुमच्याकडेच राहू द्या. त्या बसचालकांनी जाताना मला थांबवून दहा मिनिटं लेकीचं कौतुक सांगितलं. माझ्या शाळेत आजवर असं कुणी बोललं नव्हतं." त्या जरा थांबल्या. "फक्त एक करा. त्या यादीतून माझं नाव काढा."

सरांनी फोन काढला. उघडला. खाली सरकवला, वर सरकवला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, नाव कसं काढतात ते मला येत नाही. दाखवता का?"

बाई उठल्या. व्हरांड्यात कुणी नाही ना ते पाहिले, दार लोटून घेतले आणि परत येऊन बसल्या.

"मलाही येत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सुरुवातीला त्यानं विचारलं होतं, तुम्ही शिक्षक की विद्यार्थी. मी गडबडीत होते. कुठं बोट लागलं कोण जाणे."

गुण्या सर हसले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची ओढून बाकाजवळ आणली आणि फोन मधोमध ठेवला. बाईंनी डोळे बारीक केले; त्यांचा चष्मा खोलीत राहिला होता. सरांनी आपला काढून दिला. तो बाईंना बरा चालला, पण आता सरांना काही दिसेना.

"मग तुम्ही वाचा," सर म्हणाले, "आणि बोट मी लावतो."

"नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, सावकाश म्हणाल्या, "बोट आत्ता कुणीच लावायचं नाही. आधी सगळं वाचून काढू."